बटईची कोंबडी आणि लाव्याची अंडी

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला दुकानातून आणलेला तो पारदर्शक डबा दाखवलात. आत ठिपक्याठिपक्यांची बारकी अंडी होती. कशाची, म्हणून विचारलंत आणि मी लगेच लाव्याची म्हणाले, तेव्हा तुम्हाला नवल वाटलं. मागून तुमच्या आईने सांगून टाकलं, की आजीने अशी अंडी घरी उबवली आहेत. हे काही खरं नाही. उबवली दुसऱ्यांनीच. मी जवळ होते आणि थोडी मदत केली, इतकंच. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून बसून लिहिते आहे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. आमचं गाव साकोली तालुक्यातलं, सानगडीच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावरचं. मी नागपूरची, इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला धानाचं रोप आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. तो शिकवला माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात, म्हणून मीही इथे मामीजीच लिहीन. तुमच्या त्या पणजी.

मामीजी उंच, सडपातळ आणि एका जागी न बसणाऱ्या होत्या. जेवतानासुद्धा दोन वेळा उठायच्या. गावात त्यांचं नाव होतं ते कोंबड्या बसवण्यासाठी. कोंबडी अंडी देता देता एक दिवस थांबते, पिसं फुगवून खुराड्यात बसून राहते, जवळ गेलं की कुरकुरते आणि चोच मारते. तिला खुडूक कोंबडी म्हणतात. अशा कोंबडीखाली अंडी ठेवायची, टोपली कुठे ठेवायची, किती अंडी तिच्या पोटाखाली मावतील, कोणती अंडी फळतील आणि कोणती नाहीत, हे सगळं मामीजी बघत. बायका आपापल्या कोंबड्या काखेत धरून आमच्याकडे यायच्या. काकूजीचा हात चांगला आहे, असं म्हणायच्या.

पण त्या वर्षीपर्यंत मामीजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच वाढला होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तो पिकायला हवा, मग काढू, असं सांगितलं होतं. त्यांना उजेड कळायचा, माणूस उभं आहे हे कळायचं, पण चेहरा कळायचा नाही. घरातली कामं एकेक करून माझ्याकडे आली होती. तांदूळ निवडणं, दिवे पुसणं, कोठीची किल्ली. कोंबड्यांचं काम मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. आणि आदल्या उन्हाळ्यात त्यांनी बसवलेली एक पूर्ण टोपली वाया गेली. सगळी अंडी सडली. ज्या बाईची कोंबडी होती, ती आमच्याच गल्लीतली. तिने आमच्या अंगणात येऊन भांडण केलं नाही, पण विहिरीवर चारचौघींत सांगितलं, की काकूजीचा हात आता राहिला नाही. ते मामीजींच्या कानावर आलं. त्यानंतर पावसाळाभर एकही बाई कोंबडी घेऊन आली नाही.

मामीजींनी मला एकदाच विचारलं होतं, संध्याकाळी दिवा लावताना. "सूनबाई, विहिरीवर अजून म्हणतेत काय वं तसं?"

मी नाही म्हणाले. त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं.

दिवाळी झाली आणि हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली. आमच्याकडे धानाच्या शेताच्या छोट्या तुकड्याला बांधी म्हणतात. बांधी कापताना लोक चारही बाजूंनी आत सरकत जातात, आणि त्या धानात दडलेले लावे, ससे पुढे पुढे सरकत शेवटच्या उभ्या पट्ट्यात गोळा होतात. तो पट्टा कापणाऱ्यांचा. त्यात जे सापडेल ते कापणाऱ्याचं, शेतमालकाने त्यावर हक्क सांगायचा नाही, असा रिवाज होता. आता रानातला लावा धरणं किंवा त्याची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. तेव्हाही कायदा झाला होता म्हणतात, पण आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तो अजून पोचला नव्हता.

आमच्या बांधीत कापायला येणारी एक बाई होती. ठेंगणी, बोलकी, हसली की पूर्ण अंग हलायचं. तिच्या विळ्याखालून एक लावी भर्रकन उडाली, आणि पाहते तर धुऱ्याच्या कडेला गवतात खळगा आणि त्यात आठ अंडी. आजूबाजूचं धान कापून झालं होतं, खळगा उघडा पडला होता, वर कावळे बसले होते. लावी परत यायची नव्हती. त्या बाईने अंडी पदरात घेतली आणि दुपारच्या भाकरीच्या वेळी थेट आमच्या घरी आली. अंडी इतकी बारकी, की उकडून एका माणसाचाही घास झाला नसता. तिच्या मनात दुसरंच होतं. पिल्लं काढून वाढवली तर चार-पाच लावे होतील.

"माय, तू बसवून देशीन काय?" तिने मामीजींना विचारलं. "निम्मे तुह्ये, निम्मे माह्ये."

मामीजींनी अंडी हातात घेतली. एकेक गालाला लावून पाहिलं. अजून कोमट होती. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी त्यांच्याकडे अंडी घेऊन आलं होतं, मग ती कोंबडीची का नसेनात. त्या हो म्हणाल्या. आमच्या घरची एकही कोंबडी तेव्हा खुडूक नव्हती, हे त्या हो म्हणाल्यानंतर आम्हाला आठवलं.

खुडूक कोंबडी होती शेजारणीकडे. शेजारीण म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची, पाच मुलांची आई, हिशेबाला पक्की पण मनाने वाईट नाही. तिची ती लाल कोंबडी खुडूक बसली होती आणि शेजारणीला ते नको होतं. तीन आठवड्यांवर मंडई आली होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य होतं, लेकी-जावई आणि पाहुणे येतात. पाहुण्यांसाठी तिला अंडी हवी होती आणि खुडूक कोंबडी अंडी देत नाही. तिचा खुडूक मोडायचे दोन उपाय आमच्याकडे चालत. एक, तिला पाण्यात बुडवून काढायचं. दुसरा, तिचंच एक पीस उपटून नाकपुड्यांतून आरपार घालायचं. ते पीस काढायच्या नादात ती अंड्यांवर बसणं विसरते. शेजारीण त्या दिवशी पीस घालायच्याच तयारीत होती.

मामीजी कुंपणापाशी गेल्या आणि कोंबडी बटईने मागितली. बटई म्हणजे वाटा. शेत बटईने देतात तशी कोंबडीही देतात: कोंबडी एकीची, अंडी दुसरीची, पिल्लं निम्मी-निम्मी. शेजारीण विचारात पडली. लाव्याच्या पिल्लांचा वाटा घेऊन ती काय करणार? मुठीएवढा पक्षी, उद्या उडून जाणारा. शिवाय तिच्याही मनात आदल्या उन्हाळ्याची ती सडकी टोपली असणार. मी तिथे उभी होते. ती माझ्याकडे पाहत होती, मामीजींकडे नाही.

मग मामीजींनीच मार्ग काढला. लाव्याच्या आठ अंड्यांबरोबर शेजारणीची स्वतःची पाच अंडी त्याच कोंबडीखाली ठेवायची. त्या पाचांतून जी पिल्लं निघतील ती सगळी शेजारणीची, निम्मी नव्हे. मामीजींनी आपला वाटा फक्त लाव्यांत ठेवला आणि त्यातलाही अर्धा कापणीवालीचा. असा सौदा कोणी नाकारला नसता. शेजारणीने तिच्या सगळ्यात मोठी अंडी देणाऱ्या कोंबडीची पाच ताजी अंडी आणून दिली. देताना एवढंच म्हणाली, "काकूजी, हे पाच तेवढे जपजा. मले मंडईनंतर विकाचे आहेत."

इथेच चूक झाली, आणि ती इतक्या प्रामाणिकपणातून झाली की आजही मला तिला चूक म्हणायला जड जातं. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात हे गावात लहान मुलालाही ठाऊक होतं. लाव्याच्या अंड्याला किती लागतात हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण ते काम रानात लावी करते, घरात कोणी केलं नव्हतं. अंडं ते अंडं, असं सगळ्यांनी धरलं. मी इंग्रजी शिकले होते खरी, पण कुठल्या पुस्तकात मी लाव्यांबद्दल वाचलं नव्हतं. मीही तेच धरलं.

टोपली भरली सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, चुलीच्या भिंतीच्या मागच्या बाजूला. तळाशी धानाचा कोंडा, वर मऊ तणस, म्हणजे धानाचा पेंढा. अंड्यांत कोळशाचा एक तुकडा आणि एक लोखंडी खिळा, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. कार्तिकात कसला गडगडाट, असं मी म्हटलं. मामीजींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. कोंबडीची अंडी मी रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात धरून पाहिली, एकही चिरलेलं नव्हतं. लाव्याच्या अंड्यांवर इतके ठिपके होते, की उजेडात काही दिसेना. ती मामीजींनी बोटांनीच तपासली. बारकी अंडी मधोमध, मोठी बाजूने, म्हणजे कोंबडीचा भार मोठ्यांवर पडेल आणि बारकी चेंगरणार नाहीत. कोंबडी आणून सोडली तेव्हा तिने मान वाकडी करून टोपलीत पाहिलं, एक लाव्याचं अंडं चोचीने आपल्याकडे ओढलं आणि फुगून बसली. शेजारणीने कुंपणावरून पाहिलं आणि आत गेली.

मामीजी दिवसातून एकदा तिला उठवायच्या, दाणे-पाणी करायच्या, आणि ती अंगणात फिरून येईपर्यंत अंड्यांवर आपला तळवा धरून बसायच्या. मला तेव्हा वाटायचं की त्या अंडी मोजत असाव्यात. नंतर कळलं, त्या ऊब जाणून घेत होत्या.

मंडईला चार दिवस राहिले होते. पाहुण्यांसाठी सारवण चाललं होतं. सकाळी मी सपरीत गेले आणि पायाजवळ एक भुंगा चालला आहे असं वाटलं. वाकून पाहिलं तर भुंगा नव्हे. पिवळट-तपकिरी, पाठीवर काळे पट्टे, दोन काडीसारखे पाय आणि भलताच वेग. टोपलीच्या विणीतून दुसरं बाहेर आलं, मग तिसरं. लाव्याची पिल्लं चार दिवस आधीच निघाली होती.

कोंबडीची पिल्लं जन्मली की दिवसभर आईच्या पोटाखाली राहतात. ही तशी नव्हती. ती बाहेर पडून पळत होती. कोंबडी टोपलीतून त्यांना हाका मारत होती आणि त्यांना त्या हाकांचा अर्थ कळत नव्हता. ती थांबायची, जमिनीला चिकटून दगडासारखी व्हायची आणि परत पळायची. शेवटी ती लाल कोंबडी उठली, टोपलीबाहेर आली आणि त्यांच्या मागे अंगणात गेली.

मी मामीजींना हाक मारली. त्या आल्या, खाली बसल्या आणि टोपलीत हात घातला. पाच मोठी अंडी तिथेच होती, अजून गरम.

आम्ही कोंबडीला दोन वेळा आणून बसवलं. ती दोन्ही वेळा उठून गेली. तिच्या लेखी तिची पिल्लं निघाली होती, बसायचं काम संपलं होतं. मी कुंपणाकडे पाहिलं. शेजारीण सारवण करत होती, पाठमोरी. मी म्हटलं, तिला सांगू या, तिची अंडी तिला परत देऊ या. मामीजी म्हणाल्या, परत काय देऊ, त्यात आता जीव आहे. गावात दुसरी खुडूक कोंबडी आहे का ते विचारायला मी तीन घरं फिरले. कुठेच नव्हती. मंडईच्या तोंडावर सगळ्यांनीच खुडूक मोडले होते.

परत आले तेव्हा मामीजी चुलीच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. जुन्या लुगड्याचं फडकं आणि गादीतला कापूस घेऊन त्यांनी अंड्यांची एक झोळी केली होती, आणि ती पोटाशी, उघड्या कातडीला लावून कमरेला बांधली होती. वर पदर, पदरावर कांबळं.

"हे चार दिवस मी बसतो," त्या म्हणाल्या. "त्या बाईचे पाच आहेत. ते गेले तं मले आता कोणी कोंबडं काय, पीसही नाई दाखवणार."

पुढचे चार दिवस त्यांच्यासाठी काय होते हे मला तेव्हा समजलं. ज्या बाई जेवताना दोनदा उठायच्या, त्या तिथे बसल्या.

माझ्याकडे तापाचा थर्मामीटर होता, बाळंतपणात माहेरून आलेला. तो मी झोळीत सरकवला. माणसाच्या अंगाची ऊब कोंबडीच्या उबेपेक्षा कमी पडत होती. मग माझी शेकायची रबरी पिशवी आठवली. तिच्यात कोमट पाणी भरून झोळीच्या बाहेरून बांधली आणि थर्मामीटर पाहून पाहून पाणी बदलत राहिले. दुसरी अडचण होती अंडी फिरवण्याची. कोंबडी अंडी सारखी फिरवत असते, नाहीतर आतलं पिल्लू एका बाजूला चिकटतं. मी पेन्सिलने अंड्यांवर खुणा करायला निघाले, मग लक्षात आलं की मामीजींना खुणा दिसायच्या नाहीत. तेव्हा मी कणकेचा एकेक ठिपका प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला लावला. तो वाळला की बोटाला नीट लागायचा. ठिपका वर, मग ठिपका खाली. मामीजींना ते फार आवडलं. त्या दिवसभर झोळीत बोट घालून ठिपके शोधत बसायच्या.

अंगणात ती लाल कोंबडी आणि तिची सात बारकी पिल्लं फिरत होती. आठवं अंडं फुटलंच नाही. त्यांचं बघणं माझ्याकडे आलं. तांदळाची कणी त्यांच्या चोचीला मोठी, म्हणून ती जात्यावर पुन्हा दळली. मामीजी बसल्या जागेवरून सांगायच्या, वारुळातली वाळवी आण, तिच्यावर वाढतात. पहिल्याच दिवशी एक पिल्लू पाण्याच्या बशीत बुडून मेलं. तेव्हापासून मी बशीत खडे घालू लागले, म्हणजे चोच पोचेल पण पाय बुडणार नाहीत. दुसरं कावळ्याने नेलं. पाच राहिली.

शेजारणीने अंगणातली पिल्लं पाहिली नसतील असं नाही. पण सारवण, अनारसे, पाहुण्यांच्या गाद्या यांत ती होती, आणि तिच्या हिशेबाने तिच्या अंड्यांना अजून वेळ होता. टोपली आत सपरीत होती. कोंबडी दाणे खायला उठली असेल असं तिला वाटलं असावं. मामीजींनी मला सांगून ठेवलं होतं, तिने विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण आपण होऊन जायचंही नाही.

कापणीवाली मात्र तिसऱ्या दिवशी आपले लावे पाहायला आली आणि तिने मामीजींना कांबळ्यात पाहिलं. काय झालं ते ऐकून तिने कमरेवर हात ठेवले.

"माय, तू तं खुडूकच बसली वो."

"जवळ नोको येऊ," मामीजी म्हणाल्या, "चोच मारीन."

ती बाई हसत हसत खाली बसली, आणि जाताना आपल्या घरून आणखी एक कांबळं आणून दिलं. तुमचे आजोबा संध्याकाळी शेतातून यायचे, आईकडे पाहायचे, आणि मला विचारायचे, की नाकात पीस घालायची वेळ आली आहे का. मामीजी त्यांना म्हणायच्या, लहानपणी तुझ्या घातलं असतं तर बरं झालं असतं.

पण दुसऱ्या रात्रीपासून त्यांची कंबर धरली होती. कुशीवर वळता येत नव्हतं, पाठ भिंतीला लागून सोलवटली होती. मी म्हटलं, थोडा वेळ मी बांधते. त्यांनी दिली नाही. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. त्या म्हणाल्या, तू सारखी उठशील, तुझं घर आहे सांभाळायला. त्यात रुसवा नव्हता. तरी ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

मंडईचा दिवस उजाडला. गावाबाहेरच्या मैदानात दुकानं लागली, पाहुणे आले, कोणी पाया पडायला वाकलं की मामीजी बसल्या जागेवरून एका हाताने आशीर्वाद द्यायच्या, दुसरा हात झोळीवर. लग्न होऊन आल्यापासून त्यांची एकही मंडई चुकली नव्हती, असं पाहुण्यांनीच मला सांगितलं. त्यांनी विचारलं की बरं नाही का, तर त्या म्हणाल्या, काम आहे.

दुपारी शेजारीण नवं लुगडं नेसून, मंडईला जाता जाता आमच्याकडे आली. अंगणात तिने तिची कोंबडी पाहिली आणि तिच्यामागे पळणारी ती पाच बारकी पिल्लं पाहिली, आता दुप्पट झालेली. ती सपरीत आली. टोपली रिकामी होती, तणस विस्कटलेलं.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लोक सांगत होते तं मी म्हटलं, जाऊ दे, शेजार आहे."

मी बोलणार होते, पण मामीजींनी हाताने मला थांबवलं. त्यांनी शेजारणीला जवळ बोलावलं, खाली बसवलं, तिचा हात धरला आणि कांबळ्याखालून झोळीत नेला. शेजारीण आधी दचकली. मग तिचा चेहरा बदलला. ती मान कलती करून बसली, जसं काही हाताने ऐकते आहे.

"पाय," मामीजी म्हणाल्या, म्हणजे पाहा, "ठोकून राहिला."

आतून पिल्लू कवचावर चोच मारतं ती ठकठक बोटाला लागते. मीही त्या दिवशी ती अनुभवली. शेजारणीने एकेक करून पाचही अंड्यांना बोट लावून पाहिलं. चारांत हालचाल होती, एक गप्प होतं. मग तिने विचारलं, कधीपासून बसल्या आहात. मी सांगितलं. तिने मामीजींच्या पाठीमागे हात घालून पाहिला, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये, आणि स्वतःच्या नव्या लुगड्याचा विचार न करता ती तिथेच चुलीच्या राखेत मांडी घालून बसली. तिच्या मुलांनी बाहेरून हाका मारल्या. तिने सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. ती गेली ती दिवे लागल्यावर, आणि सकाळी उजाडताच परत आली.

तोपर्यंत तीन निघाली होती. चौथं निघता निघता थांबलं. त्याचं कवच मामीजींनी नखाने किंचित उकललं, आणि तेही निघालं, ओलं, मान टाकलेलं. दुपारपर्यंत तेही उभं राहिलं. पाचवं गप्प होतं ते गप्पच राहिलं.

अंधार पडायच्या सुमारास मामीजींनी ती चारही पिल्लं पदरात घेतली. पाच दिवसांत पहिल्यांदा उठून उभ्या राहिल्या तेव्हा एका बाजूने शेजारीण आणि दुसऱ्या बाजूने मी होते. लाल कोंबडी पाच लाव्यांना पंखाखाली घेऊन बसली होती. मामीजींनी मागच्या बाजूने हात घालून एकेक पिल्लू तिच्याखाली सरकवलं. उजेड असता तर तिने कदाचित टोचलं असतं. त्या वेळी फक्त कुरकुरली आणि थोडी आणखी फुगली. सकाळी ती नऊ पिल्लांची आई होती, चार आडदांड आणि पाच नखाएवढी, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ठरल्याप्रमाणे कोंबडी आणि तिची चार पिल्लं शेजारणीने नेली, लाव्यांना आम्ही टोपलीखाली झाकून वाढवलं. कापणीवाली वाटा न्यायला आली तेव्हा पाच लाव्यांचे दोन वाटे कसे करायचे यावर दोघींचं बराच वेळ चाललं. पाचवा तू ने, नाही माय तू ठेव. त्या गडबडीत टोपली थोडी उचलली गेली. लावे आधी धावले, मग एकामागून एक उडाले, कुंपणावरून, शेजारणीच्या सारवलेल्या अंगणावरून, बांधीच्या दिशेने. आम्हाला कळलंही नव्हतं की त्यांना इतक्या लवकर उडता येतं.

"माह्ये कोणते होते त्यातले?" कापणीवालीने विचारलं.

"मागचे दोन," मामीजी म्हणाल्या, "आन् अर्धा मधला."

दोघी हसत सुटल्या. लाव्यांचं एवढंच झालं. पण त्यानंतर काही दिवसांनी, मी तांदूळ निवडत बसले होते, तर फाटकात एक बाई उभी. काखेत काळी कोंबडी, शेपटी बाहेर. आदल्या उन्हाळ्यात जिची टोपली सडली, विहिरीवर जिने ते सांगितलं, तीच बाई. शेजारणीने विहिरीवर काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. त्या बाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "काकूजी कुठं आहेत?" एवढंच विचारलं.

मामीजी आतून आल्या, एका हाताने कंबर धरून. कोंबडी हातात घेतली, छातीखाली बोटं घालून ऊब पाहिली, पिसं पाहिली, वजन तोललं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, चिमणी आण, अंडी तू पाय. आन् थोडी कणीक भिजव, ठिपके लावाले."